अभियांत्रिकीत अडथळे उरले नाहीत, हे कुणी मोजलं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलींना शुल्कमाफीची कशी मदत होते आहे, याची बातमी आपल्या दैनिकात वाचली. बातमीच्या शेवटी आपल्या भागातल्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांचं मत दिलं आहे. अभियांत्रिकीत मुलींपुढे आता कोणताही अडथळा उरलेला नाही आणि विभागांत स्त्री-पुरुष असा फरक कुणी करत नाही, असं ते म्हणतात.

बातमीचा पहिला भाग वाचून मला मनापासून आनंद झाला. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. आधी ते निम्मंच माफ होतं. जत, आटपाडीकडून मुलीला घेऊन आलेले वडील फीच्या खिडकीपाशी खिशातले पैसे पुन्हा पुन्हा मोजताना मी पाहिले आहेत. उरलेल्या निम्म्या फीपायी मेकॅनिकल सोडून जवळच्या कॉलेजात बी.एस्सी.ला गेलेल्या मुलीही मला माहीत आहेत. त्यामुळे या निर्णयाचं मोल मी जाणते.

मी लिहिते आहे ते बातमीच्या शेवटच्या वाक्याबद्दल. स्थापत्य अभियांत्रिकी शिकवण्यात माझी उभी नोकरी गेली आणि हे वाक्य मी स्टाफरूममध्ये सतत ऐकत आले. ते म्हणणारी माणसं वाईट नव्हती. आपल्या मुलींना त्यांनी हौसेनं इंजिनिअर केलं, पुण्याला नोकरीला पाठवलं. विद्यार्थिनींना ती रात्री उशिरापर्यंत प्रोजेक्ट समजावून देत. ती खोटं बोलत होती असं मी मुळीच म्हणणार नाही. माझं म्हणणं इतकंच आहे की त्यांनी हे कधी मोजून पाहिलेलं नाही. "आमच्या विभागात भेदभाव नाही." कशावरून? "आजवर एकाही मॅडमनं तक्रार केलेली नाही." एवढाच पुरावा! काँक्रीट दिसायला चांगलं आहे म्हणून आमच्यापैकी कुणी कधी रिपोर्टवर सही केली नसती. आम्ही त्याच काँक्रीटचे नमुन्याचे ठोकळे, म्हणजे क्यूब, भरतो, अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवतो, यंत्राखाली फोडतो आणि मग आकडा लिहितो. आपल्याच विभागाबद्दल मात्र नुसत्या नजरेवर सही होते.

कुठे बघायचं ते सांगते. सत्राच्या सुरुवातीला समित्यांचा कार्यालयीन आदेश निघतो. सत्कार समिती, स्नेहसंमेलन, सूत्रसंचालन, पाहुण्यांचं स्वागत, मुलींचं वसतिगृह आणि अलीकडे नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या, फायली, यांच्यापुढे बायकांची नावं असतात. मटेरियल टेस्टिंग, कन्सल्टन्सी, खरेदी, बांधकाम समिती, ट्रेनिंग-प्लेसमेंट यांच्यापुढे पुरुषांची. हे कुणी ठरवून, डाव आखून करतं असं नाही. गेल्या वर्षीच्या आदेशावर तारीख बदलते आणि तो पुन्हा निघतो. पण टेस्टिंगला जो असतो त्याची सार्वजनिक बांधकाम आणि जलसंपदाच्या अभियंत्यांशी ओळख होते. त्याला साइट दिसते, कन्सल्टन्सीच्या उत्पन्नातला वाटा मिळतो, शोधनिबंधाला विषय मिळतो. कॅसच्या, म्हणजे पदोन्नतीच्या, मुलाखतीत त्याच्याकडे सांगायला काहीतरी असतं. सत्कार समितीत असते तिच्याकडे शाल-श्रीफळाच्या पावत्या असतात. दहा-बारा वर्षांनी दोघं एकाच पदासाठी अर्ज करतात तेव्हा त्याचा अनुभव जास्त भरतो. निवड समिती प्रामाणिकपणे त्याला निवडते आणि भेदभाव झाला असं कुणालाच वाटत नाही.

ऑगस्ट २०१९ चा महापूर सांगलीकर विसरलेले नाहीत. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पाणी ओसरल्यावर गावभाग, हरभट रोड, मारुती चौकाकडची जुनी घरं राहण्याजोगी आहेत का, हे पाहायचं होतं. मी नोकरीला होते त्या महाविद्यालयातून शिक्षकांची पथकं निघाली. यादीत एकही बाई नव्हती. मी विचारलं तेव्हा विभागप्रमुख अगदी आपुलकीनं म्हणाले, "मॅडम, सगळा चिखल आहे, साप निघतायत, बाथरूमची सोय नाही. तुम्हाला कशाला त्रास? तुम्ही इथं बसून रिपोर्ट कंपाइल करा." मृद् यांत्रिकी आणि पायाबांधणी हे माझे विषय होते. मातीच्या भिंतीत पाणी मुरलं की वाडा कुठून खचतो, हे मीच वर्गात शिकवत होते. टेबलावर आलेल्या नोंदींत भेगेची रुंदी लिहिलेली असायची, पण भेग उभी की तिरकी ते बऱ्याच ठिकाणी नसायचं. पाया एका बाजूनं खचलाय का, ते तर त्यावरूनच कळतं. मी फोन करकरून विचारत राहिले. रिपोर्टवर नावं गेली ती पथकातल्यांची. पुढे एका तांत्रिक समितीसाठी माहिती मागवताना 'पूरग्रस्त इमारतींच्या पाहणीचा अनुभव' असा रकाना आला आणि तो माझ्यासह विभागातल्या सगळ्या बायकांना रिकामा सोडावा लागला. आमची काळजी घेणाऱ्या त्या सरांना ही साखळी दिसलीच नाही. अजूनही दिसली नसेल.

आता कुणी म्हणेल की ही एका बाईची गाऱ्हाणी आहेत. म्हणून मोजलेलं सांगते. २०१२ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. जीवशास्त्र, रसायन आणि भौतिकशास्त्राच्या १२७ प्राध्यापकांना प्रयोगशाळा व्यवस्थापकाच्या जागेसाठी आलेला एकच अर्ज वाचायला दिला होता. निम्म्यांच्या प्रतीवर नाव जॉन होतं, निम्म्यांच्या जेनिफर. बाकी शब्दन् शब्द सारखा. प्राध्यापकांना जॉन जास्त सक्षम वाटला. त्याला सरासरी ३०,२३८ डॉलर पगार सुचवला गेला, जेनिफरला २६,५०८. विशेष म्हणजे स्त्री प्राध्यापकांनीही पुरुषांइतकाच फरक केला. म्हणून कुणा एकाला आरोपी करण्यात मला रस नाही. आम्ही सगळे याच हवेत वाढलो.

मला जास्त विचार करायला लावलं ते २०१५ च्या अभ्यासानं. त्यात अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या प्राध्यापकांना त्या २०१२ च्या संशोधनाचा सारांश वाचायला दिला आणि दर्जा ठरवायला सांगितला. विज्ञान-अभियांत्रिकीतल्या पुरुषांनी त्याच विषयांतल्या स्त्रियांपेक्षा त्याला कमी दर्जा दिला. इतर विषयांतल्या स्त्री-पुरुष प्राध्यापकांच्या मतांत असा फरक आढळला नाही. म्हणजे जिथे विभागप्रमुखाच्या आणि निवड समितीच्या खुर्च्यांवर बहुतेक पुरुष बसतात, तिथेच या पुराव्यावर त्यांचा विश्वास सगळ्यात कमी बसतो. मी नोकरीत असताना या दोन्ही निबंधांच्या प्रती काढून सहकाऱ्यांना वाचायला दिल्या होत्या. "हे अमेरिकेतलं आहे", "सॅम्पल लहान आहे", अशी उत्तरं आली. शंका घेणं शास्त्राला धरूनच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तीन क्यूबच्या सरासरीवर आम्ही स्लॅब पास करतो, कारण भारतीय मानकानं तसं ठरवून दिलं आहे. तिथे कमी नमुन्याचा अर्थ कसा लावायचा हे आम्हाला कळतं. मग सॅम्पल लहान वाटत असेल तर पुढची पायरी आपल्या विभागात मोठं सॅम्पल घेऊन बघण्याची असायला हवी. तिथे कुणी गेलं नाही.

असं मोजलं की माणसं बदलतात, यावर माझा विश्वास आहे. अमेरिकेतल्या एमआयटीत नॅन्सी हॉपकिन्स या जीवशास्त्रज्ञ बाईंनी टेप घेऊन प्रयोगशाळांच्या जागा मोजल्या होत्या, कारण पुरुष सहकाऱ्यांपेक्षा आपल्याला कमी जागा आहे हे सांगून पटत नव्हतं. १९९४ मध्ये तिथल्या विज्ञान शाखेत कायम नेमणुकीचे १९४ पुरुष प्राध्यापक होते आणि स्त्रिया १५. जागा, पगार, समित्या, सगळ्याची छाननी झाली आणि १९९९ साली अहवाल बाहेर आला. त्यावेळचे अध्यक्ष चार्ल्स व्हेस्ट हे मेकॅनिकल इंजिनिअर. विद्यापीठांतला भेदभाव काही अंशी खरा आणि काही अंशी वाटण्यातला आहे असं आपण मानत होतो, पण खऱ्याचा वाटाच फार मोठा आहे हे आता समजलं, अशा अर्थाचं त्यांनी अहवालाच्या सुरुवातीलाच लिहिलं. संस्थेच्या प्रमुखानं आपल्याच संस्थेबद्दल असं छापून द्यायला मोठं मन लागतं.

असं मन मी जवळूनही पाहिलं आहे. माझ्या नोकरीच्या शेवटच्या काळात आलेले एक विभागप्रमुख समित्यांबद्दलचं माझं बोलणं ऐकून म्हणाले, "मॅडम, तुम्हाला वाटतं तसं नाहीये. मी दाखवतो तुम्हाला." मला खोटं ठरवण्यासाठीच त्यांनी कपाटातून गेल्या कित्येक वर्षांचे आदेश काढले आणि क्लार्ककडून तक्ता करून घेतला. त्या सगळ्या काळात टेस्टिंगला एकही बाई नव्हती आणि सत्कार समितीत एकही पुरुष नव्हता. त्यांनी वाद घातला नाही. पुढच्या सत्राच्या आदेशात नावं आडनावाच्या अनुक्रमानं लावली आणि दरवर्षी फिरतील असं लिहिलं. टेस्टिंग एका तरुण सहकारी मॅडमकडे आलं. सुरुवातीला ठेकेदार दारातच विचारायचे, "सर नाहीत का?" एकदा हे सर तिथेच उभे होते. ते म्हणाले, "रिपोर्टवर मॅडमचीच सही होणार. काय विचारायचं ते त्यांनाच विचारा." प्रश्न थांबले. पुढे तिनं नदीच्या वाळूऐवजी क्रश सँड वापरलेल्या काँक्रीटवर काम सुरू केलं आणि पीएच.डी.ला नाव नोंदवलं. दुसरीकडे सत्कार समितीत गेलेल्या सरांनी दोन महिन्यांत निम्मे सत्कार बंद करून टाकले. तो सगळ्यांचाच फायदा झाला.

आपल्या देशातलंच उदाहरण हवं असेल तर २८ फेब्रुवारीला आपण ज्यांची आठवण काढतो, त्या सर सी. व्ही. रामन यांचं घ्या. मुंबई विद्यापीठात बी.एस्सी.ला पहिल्या आलेल्या कमला भागवत, म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनी, १९३३ साली बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये संशोधनासाठी गेल्या. रामन तिथे संचालक होते. मुलगी म्हणून त्यांनी प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत, तेव्हा वर्षभर अजमावून बघण्याच्या अटीवर त्यांना घेतलं. वर्षाचं काम बघून रामन यांचं समाधान झालं आणि पुढे मुलींना तिथे प्रवेश मिळू लागला. कमलाबाईंनी १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. प्रकाशाच्या किरणातला बारीकसा बदल पकडणारा शास्त्रज्ञ समोरच्या मुलीबद्दल काहीही न तपासता निर्णय देऊन मोकळा होतो. बुद्धी मोठी असली की या बाबतीतली नजर आपोआप स्वच्छ होते, असं म्हणूनच मानता येत नाही. कमलाबाईंना बरोबरीच्या मुलांपेक्षा एक परीक्षा जास्त द्यावी लागली. ती अजून संपलेली नाही. आमच्याकडच्या मुलाखतींत "लग्न झालंय का? मिस्टर कुठे असतात? बदली झाली तर?" हे प्रश्न मी स्वतः ऐकले आहेत. पुरुष उमेदवाराला त्याची बायको कुठे असते, हे विचारलेलं एकदाही ऐकलं नाही.

"मुलीच पुढे सोडून देतात," हे दुसरं नेहमीचं वाक्य. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये देशात विज्ञान शाखांत शिकणाऱ्यांत ५२ टक्के मुली होत्या. अभियांत्रिकीच्या पदवीला तीस टक्क्यांच्या आतच. आवड नाही म्हणावं तर विज्ञानातल्या या एवढ्या मुली कुठून आल्या? आणि त्या सोडतात तेव्हा काय सोडतात तेही बघा. आपल्याकडे कितीतरी तरुण मुली एम.टेक., नेट, पीएच.डी. करून तासिका तत्त्वावर शिकवताहेत. बाळंतपणाची रजा मागितली की पुढच्या सत्राचं पत्रच येत नाही, असं मला एकीपेक्षा जास्त जणींनी सांगितलं आहे. याला तिनं सोडलं म्हणायचं? आणि जिथे सोडण्याचा प्रश्नच नाही, तिथलं चित्र बघा. शास्त्रज्ञांना दिला जाणारा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार रसायनशास्त्रज्ञ असिमा चॅटर्जींना १९६१ मध्ये मिळाला होता. त्याला साठ वर्षं झाल्यावर, २०२१ च्या ११ आणि २०२२ च्या १२ मानकऱ्यांत एकही स्त्री नव्हती. नामांकन कोण करतं, कुणाची नावं आधी सुचतात, हे पुरुष शास्त्रज्ञांनी एकमेकांना विचारायला हवं.

आयआयटीतल्या मुलींच्या जादा जागांबद्दलही स्टाफरूममध्ये कडवट बोललं जातं. २०१८ पासून त्या सुरू झाल्या. मुलांच्या जागा कमी न करता त्या वाढवल्या आणि जेईई ॲडव्हान्स्ड पात्र झाल्याशिवाय त्यांवर कुणालाही प्रवेश नाही. एवढी माहिती तरी बोलण्याआधी घ्यावी, ही प्राध्यापकांकडून फार मोठी अपेक्षा नाही.

याच जिल्ह्यात, किर्लोस्करवाडीत, नांगर आणि पंप बनवणाऱ्यांच्या घरातून शंकरराव किर्लोस्करांनी १९३० साली 'स्त्री' मासिक काढलं. सावित्रीबाईंचं नायगाव शेजारच्या सातारा जिल्ह्यात आहे. त्यामुळे हे विचार आपल्या मातीला परके आहेत असं कुणी म्हणू नये.

माझी विनंती सांगली-साताऱ्यातल्या अभियांत्रिकी आणि विज्ञान महाविद्यालयांच्या प्राचार्यांना आणि विभागप्रमुखांना आहे, आणि त्यांतल्या पुरुषांना मुद्दाम आहे. गेल्या दहा वर्षांचे समित्यांचे आदेश काढा. टेस्टिंग-कन्सल्टन्सीचं मानधन कुणाला किती गेलं, पीएच.डी.चे मार्गदर्शक किती आणि त्यांत स्त्रिया किती, अभ्यास मंडळांवर कोणाची नावं सुचवली, परिषदांना खर्च देऊन कुणाला पाठवलं, तासिका तत्त्वावर किती वर्षं कोण राहिलं, हे सगळं तुमच्याच कार्यालयात आहे. त्यासाठी कुणा बाईनं पुढे येऊन तक्रार करण्याची गरज नाही. एक क्लार्क आणि चार दिवस पुरतील. आकडे सारखे निघाले तर मी आनंदानं तसं पत्र लिहीन.

आणि संपादक महोदय, आपणही यापुढे अशी बातमी करताना विभागप्रमुखांबरोबर त्याच विभागातल्या सगळ्यात नव्या मॅडमना, त्यांचं नाव न छापता, एक प्रश्न विचारावा: या वर्षी तुम्हाला कोणकोणती कामं दिली आहेत? कुठल्या महाविद्यालयानं वर लिहिलेला तक्ता करून पाठवला तर तो, कसाही निघाला तरी, छापावा.

मी उल्लेख केलेल्या काही जणी अजून नोकरीत आहेत. माझ्या नावावरून त्या ओळखू येतील, म्हणून माझं नाव प्रसिद्ध करू नये ही विनंती.

आपली,
स्थापत्य अभियांत्रिकीची एक निवृत्त सहयोगी प्राध्यापिका,
विश्रामबाग, सांगली